रबरी छताचा सांधा गळतोय? दुरुस्ती कशी करायची, टप्प्याटप्प्याने

सपाट छतावर अंथरलेलं काळं रबर मधोमध क्वचितच फाटतं. ईपीडीएम या नावाने ओळखलं जाणारं हे रबर ऊन, पाऊस, थंडी सोसत वीस-तीस वर्षं सहज काढतं. पाणी आत शिरतं ते बहुतेक वेळा सांध्यातून, म्हणजे एका शीटची कड दुसऱ्या शीटवर चढवून जिथे चिकटवलेली असते तिथून. रबर तग धरून असतं, चिकटद्रव्य आधी दमतं. जुन्या छतांवर हे सांधे ब्रशने लावायच्या द्रव चिकटद्रव्याने जोडलेले असतात, नंतरच्या काळातल्या छतांवर तयार चिकटपट्टीने. द्रव चिकटद्रव्याचे जुने सांधे जास्त त्रास देतात.

पहिल्यांदा हे काम करणारा माणूस सीलंटची एक नळी आणतो, सांध्याच्या कडेने एक जाड रेघ ओढतो आणि गळती थांबली असं समजतो. ती रेघ काही महिने टिकते, मग उकलते, आणि तोवर पाणी आत आणखी पसरलेलं असतं. सांधा खरोखर दुरुस्त करायचा तर तो उघडावा लागतो, वाळवावा लागतो, घासून स्वच्छ करावा लागतो आणि वरून रुंद पट्टी बसवावी लागते. या सगळ्यात चिकटवायला सर्वांत कमी वेळ लागतो.

१. आधी छत कशाचं आहे ते ओळखा

सपाट छतावर अंथरलेलं सगळंच रबर नसतं. टीपीओ आणि पीव्हीसी ही प्लास्टिकच्या जातीची शीट असतात. ती बहुधा पांढरी किंवा राखाडी असतात आणि त्यांचे सांधे गरम हवेने वितळवून जोडतात. ईपीडीएम बहुधा काळं असतं (पांढरंही मिळतं), हाताला लवचीक लागतं, आणि जुन्या शीटवर बोट घासलं की काळी भुकटी लागते. कापलेली कड नीट पाहा: टीपीओ आणि पीव्हीसीमध्ये दोन थरांच्या मध्ये जाळी दिसते. ईपीडीएममध्ये ती सहसा नसते, पण जाळी घातलेलं ईपीडीएमही असतं, म्हणून एवढ्या एका खुणेवर विसंबू नका. शंका असेल तर नको असलेला एखादा तुकडा शोधून त्याला तापवलेला खिळा लावा. प्लास्टिक वितळतं, ईपीडीएम वितळत नाही.

हे ओळखणं का गरजेचं, तर ईपीडीएम एकदा पक्कं झालं की पुन्हा वितळून एकजीव होत नाही. त्याला गरम हवेची जोडणी चालत नाही, चिकटवणंच लागतं. उलट टीपीओवर ईपीडीएमची पट्टी आणि प्रायमर (पट्टी नीट चिकटावी म्हणून आधी लावायचा द्रव) लावले तर ते धरत नाहीत. चुकीचं सामान घेऊन छतावर चढण्यापेक्षा या एका गोष्टीला अर्धा तास द्या.

२. कागदपत्रं काढा

सामान विकत घ्यायच्या आधी हे शोधून ठेवा:

- छताची वॉरंटी. मुदत शिल्लक असेल तर स्वतः केलेल्या दुरुस्तीने ती रद्द होऊ शकते. आधी लेखी कळवा, मगच हात लावा.
- छत बसवल्याचं बिल किंवा कामाचा तपशील. शीट कोणत्या कंपनीची, किती जाड, खाली चिकटवलेली, स्क्रूने बसवलेली की वर दगडगोटे टाकून दाबलेली, हे त्यात सापडतं. नेहमीची जाडी १.१ किंवा १.५ मिमी असते.
- आधीच्या दुरुस्त्यांची नोंद आणि फोटो. कोणी डांबर किंवा सिलिकॉन लावून ठेवलं असेल तर ते आधीच कळलेलं बरं.
- इमारत सामायिक असेल तर बाकीच्यांची परवानगी.

३. गळतीची खरी जागा शोधा

खोलीच्या छतावर डाग जिथे दिसतो, तिथेच वर भोक असेल असं गृहीत धरू नका. रबर खाली पूर्ण चिकटवलेलं नसेल तर पाणी शीटखालून वाहत उताराच्या दिशेने कितीतरी दूर जातं आणि फट मिळेल तिथे खाली उतरतं. म्हणून डागाच्या वरच्या जागेपासून सुरुवात करा, पण उताराच्या वरच्या बाजूला शोधत जा.

गुडघ्यांवर बसून सांध्याची कड पाहत पुढे सरका. उभ्याने पाहून काही कळत नाही. बोथट टोकाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, त्याची टोकं आधी घासून गोल करा आणि कडेला हलकेच दाबत पुढे न्या. सांधा धरून असेल तर टोक अडतं, सुटला असेल तर आत घुसतं. आत गेलं तिथे खडूने खूण करा आणि किती लांबपर्यंत आत जातंय तेही लिहा. सांध्यावर अंगठ्याने दाबल्यावर कडेतून पाण्याचे बुडबुडे आले, तर तो सांधा आत भिजलेला आहे.

सुरकुतीकडे खास लक्ष द्या. शीट अंथरताना कडेला पडलेली सुरकुती तशीच चिकटवली गेली, तर तिथे छोटंसं उघडं तोंड राहतं. समोरून पाहिलं तर ती जागा फुगीर कडेसारखी दिसते, पण आत करंगळी जाईल एवढी पोकळी असते. दुसरी नाजूक जागा म्हणजे तिठा, जिथे आडवा आणि उभा सांधा मिळतात. तिथे तीन थर एकावर एक येतात आणि पायरीच्या कोपऱ्यात बारीक बोगदा राहतो.

सांधे ठीक वाटले तर पाइपभोवतीची आवरणं, पाणी जाण्याची तोंडं, कठड्याच्या भिंतीला वर चढवलेली शीट आणि खालून वर आलेली स्क्रूची डोकी तपासा. आणि पाऊस नसताना, फक्त थंडीत पाणी टपकत असेल, तर आतली दमट हवा थंड छताला लागून तिचं पाणी होत असण्याची शक्यता मोठी. त्याला पट्टी लावून उपयोग नाही.

नजरेने सापडत नसेल तर पाइपने पाणी सोडून पाहा. एक माणूस खाली, एक वर. सर्वांत खालच्या भागापासून सुरुवात करा, एका ठिकाणी पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडा, मगच वर सरका. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे पसरतं आणि नेमकी जागा कळत नाही. खाली दिव्याजवळ किंवा वायरिंगजवळ पाणी येत असेल तर त्या भागाची वीज आधी बंद करा.

४. खालचा थर भिजलाय का ते पाहा

रबराखाली बहुधा इन्सुलेशनची, म्हणजे उष्णता अडवणारी, पाटी असते. ती भिजली की पायाखाली मऊ लागते, दाब दिल्यावर दबते. संशयित जागी हाताच्या पंजाएवढा तुकडा कापून आत बोट घालून पाहणं योग्य. ती जागा नंतर झाकायचीच आहे, फक्त पट्टी कापाच्या चारही बाजूंना किमान ७५ मिमी बाहेर गेली पाहिजे.

भिजलेल्या थरावर सांधा बंद केला तर पाणी आत अडकतं. उन्हात त्याची वाफ होते, ती नव्या पट्टीला खालून ढकलते आणि लाकडी किंवा लोखंडी आधार कुजत, गंजत राहतो. भिजलेला भाग छोटा असेल तर तेवढी पाटी कापून काढा, खालचा आधार वाळू द्या, त्याच जाडीची कोरडी पाटी बसवा. मोठा असेल तर पुढचे टप्पे थांबवा आणि जाणकाराला बोलवा.

५. सामान जमवा

- ईपीडीएमसाठीची कव्हर स्ट्रिप, १५० मिमी रुंद. वर रबर, खाली चिकट थर आणि त्यावर सोलायचा कागद, अशी ती असते.
- उघडलेला सांधा आतून जोडायला सीम टेप, ७५ मिमी रुंद, दोन्ही बाजूंना चिकट.
- तिठ्यांसाठी न शिजवलेल्या, म्हणजे अजून पक्कं न झालेल्या, मऊ रबराचे चिकट तुकडे. ते पायरीवर हवे तसे वळतात.
- जुन्या रबरासाठीचा क्लीनर, त्याच जातीचा प्रायमर, लॅप सीलंट (पट्टीच्या कडांवर ओढायचं सीलंट) आणि सीलंट गन.
- ५० मिमी रुंदीचा हातातला रोलर, लोखंडी किंवा सिलिकॉनचा.
- पांढऱ्या सुती कापडाचे भरपूर तुकडे, ताठ केसांचा ब्रश, सौम्य साबण, प्रायमर घासायचे पॅड.
- धारदार कात्री, बोथट कडेची खरवडपट्टी, खडू, मोजपट्टी.
- रसायनाला टिकणारे हातमोजे, चष्मा, न घसरणारे बूट, गुडघ्यांखाली घ्यायला जाड गादी.

क्लीनर, प्रायमर आणि पट्टी शक्यतो एकाच कंपनीची घ्या. प्रत्येक कंपनी तिचा प्रायमर तिच्याच चिकट थराला जुळवून बनवते. डब्यावरची मुदतही बघा. मुदत संपलेला प्रायमर दिसायला ठीक असतो, धरत मात्र नाही.

आणि हे आणू नका: डांबर किंवा डांबरयुक्त कोणताही लेप, कारण खनिज तेलाच्या पदार्थांनी ईपीडीएम फुगतं आणि मऊ पडतं. साधं बाथरूमचं सिलिकॉन, कारण ते या रबराला नीट धरत नाही आणि त्याचा उरलेला थर पुढच्या प्रायमरलाही धरू देत नाही. गॅसची टॉर्च तर अजिबात नको. ती डांबरी शीटसाठी असते, इथे तिचं काहीच काम नाही आणि आगीचा धोका मोठा.

६. दिवस निवडा

सलग दोन कोरडे दिवस आधी आणि एक नंतर, एवढी उसंत हवी. बहुतेक पट्ट्या ५ अंश सेल्सियसच्या खाली नीट चिकटत नाहीत. पहाटे रबरावर दव असतं, डोळ्यांना दिसत नसलं तरी असतं. तळहात टेकवून पाहा आणि ऊन चढू द्या. उलट भर दुपारी काळं रबर इतकं तापतं की प्रायमर लावता लावता वाळतो. सकाळ उलटल्यावरची वेळ मला सर्वांत सोयीची वाटते.

छतावर एकट्याने जाऊ नका. काठापासून लांब राहा, काठाजवळ काम असेल तर दोर आणि पट्टा वापरा. छतातल्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या झरोक्यांवर पाय देऊ नका, ते वजन धरत नाहीत. क्लीनर आणि प्रायमरची वाफ ज्वालाग्राही असते: सिगारेट, ठिणगी, चालू मोटर काही जवळ नको. हवा आत ओढणारं यंत्र छतावर असेल तर तेवढा वेळ बंद ठेवा, नाहीतर वास सगळ्या खोल्यांत पसरतो.

७. सांधा उघडा आणि वाळवा

दगडगोटे टाकलेलं छत असेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंचे गोटे प्लास्टिकच्या फावड्याने बाजूला करा. ते एकाच जागी रचून ठेवू नका, वजन एकवटतं.

आता सुटलेली कड हलक्या हाताने उलटा आणि जिथे सांधा घट्ट धरून आहे तिथपर्यंत जा. जोर लावून चांगला भाग सोडवू नका. आतलं पाणी रोलरने उघड्या तोंडाकडे ढकलून बाहेर काढा, फडक्याने टिपा, कड उलटी ठेवून वाऱ्यावर वाळू द्या. गरम हवेचं यंत्र मंद आचेवर वापरता येतं, पण क्लीनर आणि प्रायमरचे डबे उघडण्याआधीच, नंतर नाही.

वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? कोरडं पांढरं कापड आतपर्यंत सारून घट्ट दाबा. कापडावर ओलसर गडद डाग आला तर आणखी थांबा. घाई सर्वांत जास्त इथेच होते, आणि नवी पट्टी उकलण्याचं मोठं कारणही हेच असतं.

सुरकुती असेल तर ती लांबीने सरळ कापा, दोन्ही बाजू एकावर एक सपाट बसतील अशा ठेवा. सुरकुती तशीच ठेवून वरून पट्टी लावली तर पोकळी कायम राहते.

८. साफ करा

जुनं लॅप सीलंट खरवडपट्टीने काढा. रबराला चरे पडू देऊ नका. मग साबणपाण्याने आणि ब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या. पट्टी १५० मिमीची असेल तर साफ केलेली जागा किमान २०० मिमी रुंद हवी.

त्यानंतर क्लीनर. कापड भिजवा, एका दिशेने जोरात पुसा, कापड उलटा, पुन्हा पुसा. एकच मळलेलं कापड फिरवत राहिलात तर मळ इकडचा तिकडे होतो, निघत नाही. जुन्या रबरावर राखाडीसर, खडूसारखी भुकटी साचलेली असते. ती गेली की रबर एकसारखं गडद काळं दिसतं. काळा रंग थोडा कापडावर येतच राहील, पण बोटाला भुकटी लागता कामा नये. सांधा उघडला असेल तर आतल्या दोन्ही बाजू अशाच पुसा.

केरोसीन किंवा डिझेलने पुसू नका. दोन्ही मागे तेलकट थर सोडतात.

९. प्रायमर लावा

सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावताना सोल्यूशन वाळू देतात, तसंच इथे. डबा आधी तळापर्यंत ढवळा, घट्ट भाग खाली बसलेला असतो. पॅडने पातळ, एकसारखा थर घासत लावा. ओघळ नको, डबकं नको, कोरडा राहिलेला पट्टाही नको. पट्टीच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना बोटभर जास्त लावा.

मग थांबा. हवामानानुसार पाच-दहा मिनिटं, कधी जास्त. स्वच्छ कोरड्या बोटाने स्पर्श करा: तार ओढली गेली तर ओला आहे. तार येत नसेल तर बोट दाबून थोडं पुढे ढकला. वरचा थर सरकला तर आत अजून ओला आहे. दोन्हींत उत्तीर्ण झाला की लगेच पट्टी लावा. एका वेळी तेवढाच भाग प्रायमर करा जेवढा लगेच झाकता येईल, नाहीतर धूळ बसते.

१०. पट्टी बसवा

उघडलेल्या सांध्यात आधी सीम टेप घाला, कड वरून बसवा, रोलर फिरवा. मग कव्हर स्ट्रिप. ती कोरडीच ठेवून आधी माप पाहा. सांध्याची कड पट्टीच्या बरोबर मधोमध यायला हवी, म्हणजे दोन्ही बाजूंना ७५ मिमी मिळतात. त्यासाठी प्रायमरच्या बाहेर, पट्टीची कड जिथे येईल तिथे, खडूने रेघ मारून ठेवा. सुट्या तुकड्याचे कोपरे कात्रीने गोल करा, टोकदार कोपरा सर्वांत आधी उचलला जातो.

कागद थोडा सोला, एक टोक टेकवा, आणि एक जण कागद खालून सपाट ओढत असताना दुसऱ्याने पट्टी हाताने मधून कडेकडे दाबत जायचं. पट्टी ताणू नका. ताणलेलं रबर पुन्हा आखडायला बघतं आणि टोकं सोडवतं. वाकडी गेली तर उपटून पुन्हा लावू नका. तिथेच कापा आणि पुढचा तुकडा वर चढवून सुरू करा. चढ किमान २५ मिमी हवी, मी ५० ठेवतो.

रोलर आधी आडवा फिरवा, मधून कडेकडे, मग लांबीने. चांगला दाब देऊन. सांध्याच्या पायरीवर रोलरची कड वापरा, म्हणजे पट्टी पायरीच्या मुळाशी बसते. तिथे पट्टी ताठ पुलासारखी राहिली तर पाण्याला वाट मिळते.

११. तिठे आणि कडा

तिठ्यावर पट्टी बसवण्याआधी पायरीच्या कोपऱ्यात लॅप सीलंटचा छोटा ठिपका दाबा, बोगदा भरतो. पट्टी बसवून झाल्यावर वरून मऊ रबराचा तुकडा लावा, पुन्हा प्रायमर करूनच. दोन पट्ट्या जिथे एकमेकींवर चढतात तिथेही असाच तुकडा.

शेवटी पट्टीच्या कापलेल्या टोकांना आणि चढांच्या कडांना लॅप सीलंट. त्याआधी ती जागा क्लीनरने पुसा. रेघ कडेवर अशी ओढा की अर्धी वर, अर्धी खाली येईल, आणि मध्ये थोडी फुगीर ठेवून दोन्ही बाजू दाबून पातळ करा. इथे सीलंट कडेचं संरक्षण करतं, पाणी अडवायचं काम पट्टीचं.

१२. तपासा

दुसऱ्या दिवशी तोच बोथट स्क्रूड्रायव्हर पट्टीच्या सगळ्या कडांवरून फिरवा. कुठे आत गेला तर तो भाग कापून नवा तुकडा लावा. सीलंट वाळल्यावर पाइपने पाणी सोडून पाहा. फोटो काढा, तारीख लिहा, छताच्या नकाशावर खूण करा. पहिल्या जोरदार पावसानंतर आणि मग वर्षातून दोनदा त्याच जागा पाहा. एक सांधा सुटला असेल तर त्याच काळात त्याच चिकटद्रव्याने जोडलेले बाकीचेही त्याच वाटेवर असतात.

पाऊस चालू असतानाच गळत असेल तर

ओल्यावरही चिकटणारी सीलंट मिळतात. ती तात्पुरती, पाऊस उघडेपर्यंतची. पक्की दुरुस्ती करताना ती पूर्ण खरवडून काढावी लागतात, म्हणून गरजेपुरतीच लावा. खोलीचं फॉल्स सीलिंग पाण्याने फुगलं असेल तर खाली बादली ठेवून, वीज बंद करून, बाजूला उभं राहून त्याला छोटं भोक पाडा, म्हणजे सगळं एकदम कोसळत नाही.

हे काम स्वतः करू नका, जर

कठड्याच्या मुळाशी रबर भिंतीपासून सुटून तंबूसारखं ताणलेलं दिसत असेल. जुनं रबर आखडलं की असं होतं. तो ताण सांध्यांना सतत ओढत असतो, त्यामुळे आधी कडेचं रबर मोकळं करून पुन्हा पक्कं बसवावं लागतं, आणि ते दोन माणसांचं घरगुती काम नाही. पाऊस थांबून ४८ तास झाले तरी सांध्यावर पाणी साचून राहत असेल, तर आधी उताराचा आणि पाणी जाण्याच्या तोंडाचा प्रश्न सोडवा. तोंडात पाला अडकला असेल तर तो काढणं तुमच्या हातात आहे. छत दबलेलं असेल तर नाही. आणि बोथट स्क्रूड्रायव्हर जवळजवळ प्रत्येक सांध्यात आत जात असेल, तर जोडत बसण्यापेक्षा नव्या शीटचा अंदाजखर्च मागवा. मागवताना भिजलेलं इन्सुलेशन काढण्याचा खर्च त्यात धरलाय का हे नक्की विचारा.